संथ हात आणि वांचलेली वीज

आषाढांत मुरबाडहून शहापुरास जातांना रस्त्याच्या दुतर्फा भाताची आवणी चाललेली दिसते. कोणी एकटा धांवपळ करून सारें शेत लावीत नाहीं. दहाबारा माणसें ओळीनें, संथपणें रोपें लावितात आणि सायंकाळपर्यंत शेत हिरवें होतें. संगणकाची चिप घडविणाऱ्यांस हें शहाणपण बरेंच उशिरां पत्करावें लागलें.

पूर्वीं बहुतेक चिपांत काम करणारा गाभा एकच असे. घड्याळाप्रमाणें त्याचें काम ठोक्याठोक्यानें चाले. ठोके जलद केले, कीं वेग वाढे. पण २००४-०५ च्या सुमारास चिपा इतक्या तापूं लागल्या, कीं तो मार्ग खुंटला. कारण विजेचा खर्च ठोक्यांच्या प्रमाणांत वाढतोच, शिवाय दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांतहि वाढतो. आणि ठोके वाढवावयाचे, तर दाबहि वाढवावा लागतो. उलट, दोन्ही शेंकडा २० नें उतरविले, तर खर्च जवळजवळ निम्मा होतो. म्हणजे सुमारें तेवढ्याच विजेंत दोन संथ गाभे एकाच्या १.६ पट काम करितात. रिकाम्या गाभ्यांतूनहि वीज पाझरते. म्हणून त्याचा पुरवठाच तोडितात. निजानीज झाल्यावर माजघरांत दिवा कोण ठेवितो?

अनेकांकडून एक काम करवून घेण्याची विद्या महाराष्ट्रास नवी नाहीं. पुण्याच्या सी-डॅक संस्थेनें डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं १९९१ सालीं सिद्ध केलेला ‘परम ८०००’ याच तत्त्वावर चाले. पुढें त्याच संस्थेनें ९६ गाभ्यांच्या चिपेची योजना हातीं घेतली.

मात्र सर्वच काम वांटतां येत नाहीं. रोपें वाढल्यावांचून आवणी नाहीं. तेथें माणसें वाढवून उपयोग काय? न वांटतां येणारें कामच अखेर वेगास मर्यादा घालतें, हें जीन ॲम्डाल यांनीं १९६७ सालींच मांडलें होतें.

हा विषय आम्हांस घरचा वाटतो. भातसा व तानसा हीं धरणें शहापूर तालुक्यांतलीं. त्यांचें पाणी मुंबईस जातें, आणि त्याच तालुक्यांतील पाड्यांवर उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहावी लागते. मोठ्या संगणकगृहांस वीज लागते, आणि तीं निववावयास पुष्कळदां पाणीहि. तेव्हां चिपेंत वांचलेली वीज ही केवळ यंत्रज्ञांची बाब नव्हे. विक्रेता यंत्राचा वेग सांगेल. विजेचा हिशेब आपण विचारावा, एवढीच आमची वाचकांस विनंति आहे.