जुनी मोटार आणि अस्वामिविक्रय

जुनी मोटार विकत घेण्यास निघालेला गृहस्थ बहुधा एकटा जात नाहीं. बरोबर एखादा जाणता मेस्त्री नेतो. मेस्त्री इंजिन सुरू करून कान देतो, चाकें पाहतो, रंगाखालीं पत्रा ठोकलेला आहे कीं काय तें बोटांनीं चांचपतो, आणि शेवटीं मान हालवून पसंती देतो. ह्या सर्व परीक्षेंत एक प्रश्न मात्र कोणी विचारीत नाहीं, आणि खरें पाहतां तोच पहिला प्रश्न होय. गाडी कशी चालते हें मागाहून. ती कोणाची आहे, हें आधीं.

बिबवेवाडींतील एका वाचकांच्या पत्रावरून हा विषय आम्हीं ह्या महिन्यांत हातीं घेतला आहे. तीन भावांचें एकत्र कुटुंब. वृद्ध मातोश्रींना रुग्णालयांत नेण्याआणण्यासाठीं गाडीची निकड. शेजारच्या सोसायटींतील एक सद्‌गृहस्थ गेल्या वर्षीं निवर्तले. त्यांची गाडी त्यांचे धाकटे चिरंजीव माफक किमतीस देऊं करीत आहेत. थोरले चिरंजीव परदेशांत असतात. नोंदणी अद्याप वडिलांच्याच नांवावर आहे. घराणें चांगलें, माणसें माहितीचीं, तेव्हां कागदपत्रांचा काथ्याकूट करणें शोभेल काय, असें ते विचारतात. आमच्या मतें तो न करणेंच अशोभनीय होईल. त्याचीं कारणें क्रमानें सांगतों.

आपल्या धर्मशास्त्रकारांनीं ह्या प्रश्नाचा विचार मोटारीच्या जन्माआधीं कित्येक शतकें करून ठेविला आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत व्यवहाराचीं जीं अठरा पदें सांगितलीं आहेत, त्यांत ऋणादान व निक्षेप ह्यांच्या पाठोपाठ तिसरें पद 'अस्वामिविक्रय' हें आहे. जो वस्तूचा स्वामी नव्हे, त्यानें स्वाम्याच्या संमतीवांचून ती विकणें म्हणजे अस्वामिविक्रय. असा विक्रय झालाच नाहीं असें समजावें, हा मनूचा निर्णय. याज्ञवल्क्यानें तर खरेदीदारालाहि सावध केलें आहे. आपली वस्तु दुसऱ्यानें विकलेली आढळल्यास मूळ धन्यानें ती परत घ्यावी. आणि हीन मनुष्यापासून, एकांतांत, हीन किमतीस किंवा अवेळीं खरेदी करणारा चोरासारखा समजावा, असें तो म्हणतो. येथें 'हीन' शब्दाचा अर्थ विज्ञानेश्वरानें मिताक्षरेंत मोठा मार्मिक केला आहे. ती वस्तु मिळविण्याचें साधन ज्याच्यापाशीं नाहीं, तो त्या वस्तूपुरता हीन. अर्थात् हा कुलशीलाचा प्रश्न नसून 'ही वस्तु ह्याच्या हातीं आली कशी?' एवढाच साधा प्रश्न आहे.

हेंच तत्त्व आजच्या कायद्यांतहि आहे. १९३० चा मालविक्रीचा कायदा अद्याप चालू असून त्याच्या २७ व्या कलमाचा मथितार्थ असा कीं, कांहीं अपवाद सोडल्यास, विक्रेत्याचा वस्तूवर जेवढा हक्क असेल त्याहून अधिक हक्क खरेदीदारास मिळत नाहीं. चोरीची गाडी आपण पूर्ण किंमत मोजून, निर्मळ मनानें घेतली, तरी ती मूळ धन्याची. आपण पैशासाठीं विक्रेत्याचा माग काढीत हिंडावयाचें. आणि चोरीची असल्याचें जाणून किंवा तसें मानण्यास कारण असतां घेतली, तर आपणच गुन्हेगार.

आतां याज्ञवल्क्याच्या चार खुणा आजच्या बाजारास लावून पाहा. विक्रेता म्हणतो, गाडी माझ्या मित्राची आहे, मी केवळ मध्यस्थ. ही पहिली खूण. घरीं न बोलावतां एखाद्या रस्त्याच्या कडेला किंवा पेट्रोलपंपावर भेटूं म्हणतो, ही दुसरी. बाजारांत चार लाखांस जाणारी गाडी अडीच लाखांस देतो, ही तिसरी. आणि आज रात्रींच पैसे द्या, उद्यां दुसरें गिऱ्हाईक आहे, अशी घाई करतो, ही चौथी. मोबाइलवरील जाहिरातींत तर चारहि खुणा एकत्र नांदतात. आपण लष्करांत आहों, बदली झाली म्हणून गाडी स्वस्तांत देतों, असें सांगून कोणी गणवेषांतील छायाचित्र व ओळखपत्र पाठवितो, आणि गाडी पाठविण्याच्या खर्चासाठीं आगाऊ रक्कम मागतो. गाडी कधींच येत नाहीं, कारण ती त्याच्यापाशीं नसतेच. गाडी व तिचा नोंदणीकृत धनी डोळ्यांसमोर उभे राहीपर्यंत एक रुपयाहि देऊं नये, आणि इसाराचे पैसे पाठवितों असें सांगून कोणी आपल्याला क्यूआर संकेत स्कॅन करावयास लावील, तर तेथेंच संभाषण थांबवावें. पैसे घेण्यासाठीं स्वतःचा गुप्त पिन कधींहि द्यावा लागत नाहीं. फसवणूक झालीच तर लाजून घरांत बसूं नये. १९३० ह्या क्रमांकावर तत्काळ कळवावें. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम अडविली जाण्याचा संभव अधिक.

विक्रेता समोर आला कीं नोंदणीपत्र पाहावें. आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांना गांवाकडील जमिनीमुळें सातबारा ठाऊक आहे. नोंदणीपत्र हा मोटारीचा सातबारा समजावा. सातबारा म्हणजे कांहीं खरेदीखत नव्हे, परंतु त्यावर कोणाचें नांव आहे व 'इतर हक्कांत' कोणाचा बोजा आहे, हें पाहिल्यावांचून शहाणा मनुष्य जमीन घेत नाहीं. मोटारीचेंहि तसेंच. नोंदणीपत्राची केवळ प्रत पाहून समाधान मानूं नये. मूळ पत्र मागावें, आणि त्यांतील मजकूर परिवहन खात्याच्या 'वाहन' संकेतस्थळावर अथवा 'एमपरिवहन' ह्या ॲपवर ताडून पाहावा. तेथें मालकाचें नांव पुरतें दिसलें नाहीं, तरी नोंदणीचा दिनांक, विम्याची मुदत, कर्जाचा बोजा ह्या गोष्टी कळतात. थकलेले वाहतुकीचे दंडहि त्याच वेळीं पाहून घ्यावे. खाजगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते व पुढें ती पांच पांच वर्षांनीं नवी करावी लागते, हें ध्यानांत असूं द्यावें.

त्यानंतर चासीचा क्रमांक. हा सतरा अक्षरांकांचा असून तो पत्र्यावर कोरलेला असतो. पत्रांतील व पत्र्यावरील क्रमांक स्वतः, अक्षरानें अक्षर, वाचून पाहावा. हें काम मेस्त्रीवर सोंपवूं नये. इंग्रजी वर्णमालेंतील आय, ओ व क्यू हीं तीन अक्षरें ह्या क्रमांकांत वापरीत नाहींत. तीं दिसल्यास कोठें तरी घोटाळा आहे. कोरीव जागेभोंवतीं घांसल्याच्या किंवा नव्या जोडकामाच्या खुणा असतील तर तेथूनच परतावें. भंगारांत गेलेल्या गाडीचे कागद व क्रमांक चोरीच्या गाडीला चढविणें, ही ह्या धंद्यांतली जुनी विद्या आहे. गाडी चोरीची म्हणून नोंदलेली आहे काय, ह्याचा शोध राष्ट्रीय गुन्हे अभिलेख विभागाच्या सेवेंतून नागरिकांस घेतां येतो.

बोजासंबंधीं एक भ्रम दूर केला पाहिजे. कर्ज फिटलें म्हणजे नोंदणीपत्रावरील बँकेचें नांव आपोआप जातें, असें पुष्कळांना वाटतें. तें जात नाहीं. बँकेचें ना-हरकत पत्र व ३५ क्रमांकाचा नमुना परिवहन कार्यालयांत देऊन तें काढवावें लागतें. विक्रेत्यानें दाखविलेलें बँकेचें पत्र खरें कीं बनावट, हें त्या बँकेच्या शाखेंतच विचारावें.

कागदांत न दिसणारा असाहि एक दोष आहे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीं आंबील ओढ्यास जो पूर आला, तो बिबवेवाडी, सहकारनगर, अरण्येश्वर ह्या बाजूचे लोक विसरलेले नाहींत. माणसें दगावलीं, घरें उध्वस्त झालीं, आणि कित्येक मोटारी पाण्यानें एकावर एक रचून ठेविल्या. दुरुस्तीचा खर्च विम्यांतील घोषित किमतीच्या पाऊणपटीहून अधिक झाला, तर विमा कंपनी गाडी पूर्ण गेली असें धरून भरपाई देते, आणि सांगाडा विकला जातो. पुढें तोच सांगाडा धुऊनपुसून, रंगवून, दूरच्या गांवीं बाजारांत येऊं शकतो. अमेरिकेंत अशा गाडीच्या मालकीपत्रावर तशी खूण करण्याची पद्धति आहे, आणि ती खूण पुसण्यासाठीं लबाड लोक गाडी एका राज्यांतून दुसऱ्यांत नेऊन नवें पत्र काढतात. २००५ च्या कत्रिना वादळानंतर ह्याचा तेथें फार बोभाटा झाला होता. आपल्या नोंदणीपत्रावर मुळीं तशी खूणच नसते. म्हणून सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर पाण्याची रेघ आहे काय तें पाहावें, पायाखालचा गालिचा उचलून गाळ पाहावा, बैठकीखालचे बोल्ट गंजले आहेत काय तें तपासावें, आणि पूर्वींच्या विम्याची पत्रें मागून त्यांवर कोणती भरपाई घेतली गेली होती, हें विमा कंपनीकडून समजून घ्यावें.

एवढें सर्व ठीक निघालें आणि पैसे दिले, म्हणजे व्यवहार संपला काय? आमच्या मतें, बहुतेक अनर्थांचें मूळ येथेंच आहे. किल्ली हातीं आली कीं खरेदीदार खूष, पैसे हातीं आले कीं विक्रेता खूष. २९ व ३० क्रमांकाच्या कोऱ्या नमुन्यांवर सह्या करून दोघेहि आपापल्या घरीं जातात, आणि ते कोरे कागद दलालाच्या पेटींत पडून राहतात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५० व्या कलमाप्रमाणें राज्यांतल्या राज्यांत विक्री झाल्यास विकणाऱ्यानें चौदा दिवसांत, व घेणाऱ्यानें तीस दिवसांत, नोंदणी अधिकाऱ्यास कळविलें पाहिजे. तें न केल्यास काय होतें?

सर्वोच्च न्यायालयाचा ६ फेब्रुवारी २०१८ चा एक निर्णय ह्या बाबतींत प्रत्येकानें लक्षांत ठेवावा. एका गृहस्थाच्या म्हणण्याप्रमाणें त्यानें आपली गाडी २००७ सालीं विकली होती. ती पुढें हातोहात फिरली. परंतु नोंदणी पहिल्याच्याच नांवावर राहिली. २००९ सालीं त्या गाडीखालीं सांपडून एक जण मृत्यु पावला. भरपाई कोणीं द्यावी? न्यायमूर्ति धनंजय चंद्रचूड ह्यांनीं लिहिलेल्या निर्णयांत तीन न्यायाधीशांच्या पीठानें सांगितलें कीं, ज्याचें नांव नोंदणींत तोच कायद्यानें मालक. जखमी मनुष्यानें किंवा मृताच्या वारसांनीं ती गाडी कोणीं कोणास विकली ह्याचा शोध घेत बसावें, अशी अपेक्षा करतां येत नाहीं. म्हणजे गाडी गेली, पैसे खर्च होऊन गेले, आणि उत्तरदायित्व मात्र घरींच राहिलें.

घेणाऱ्याचेंहि नुकसान आहेच. त्रयस्थाच्या इजेचा विमा नव्या मालकाकडे कायद्यानें आपोआप जातो. पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा तसा जात नाहीं. चौदा दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करून तो आपल्या नांवावर करून घ्यावा लागतो. नाहींतर अपघातानंतर रिकाम्या हातानें परतण्याची पाळी येते. म्हणून पैसे रोख न देतां नोंदणींत ज्याचें नांव आहे त्याच्याच बँक खात्यांत भरावे, कांहीं भाग नांव बदलेपर्यंत राखून ठेवण्याचा लेखी करार करावा, आणि संगम पुलाजवळील परिवहन कार्यालयाच्या दप्तरीं आपलें नांव चढलेलें स्वतः पाहावें. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडून घ्यावयाची असेल तर त्याचें अधिकारपत्र मागावें. १ एप्रिल २०२३ पासून अशा व्यापाऱ्यांसाठीं केंद्र सरकारनें तसे नियम केले आहेत.

आतां आमच्या पत्रलेखकांच्या प्रश्नाकडे येतों. वडिलांच्या पश्चात् गाडी ही सर्व वारसांची. एकट्या धाकट्या चिरंजीवांनीं ती परस्पर विकणें, इतरांच्या वांट्यापुरता, अस्वामिविक्रयच होय. त्यांच्या मनांत कपट आहे असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. पण परदेशस्थ बंधूंनीं किंवा त्यांच्या मातोश्रींनीं उद्यां हरकत घेतली, तर शेजाऱ्यांच्या घरांतला कलह आपल्या दारांत येऊन उभा राहील. मालकाच्या मृत्यूनंतर वारसानें तीस दिवसांत नोंदणी अधिकाऱ्यास कळवावें व तीन महिन्यांच्या आंत ३१ क्रमांकाच्या नमुन्यांत अर्ज करून गाडी आपल्या नांवावर करून घ्यावी, असा नियम आहे. तो त्यांनीं आधीं पाळावा. इतर वारसांची लेखी संमति घ्यावी. आणि मग विक्री करावी. मयताच्या नांवाच्या कागदावर कोणीं 'चालवून घेऊं' म्हणून सही ठोकली, तर ती लबाडीच होय, मग करणारा कितीहि ओळखीचा असो. जातां जातां हेंहि सुचवितों कीं, २०२१ पासून मालकास हयातींतच नोंदणीपत्रावर नामनिर्देशन करण्याची सोय झाली आहे. ज्यांच्या घरीं गाडी वडिलधाऱ्यांच्या नांवावर आहे त्यांनीं ती सोय अवश्य करून घ्यावी.

राहतां राहिली भीड. शेजाऱ्यास कागद मागितले तर त्याला अविश्वास वाटेल, ह्या संकोचानें सुशिक्षित कुटुंबें जितकीं बुडतात तितकीं लबाडांच्या चातुर्यानें बुडत नसतील. भीड भिकेची बहीण, ही म्हण आपल्या वाडवडिलांनीं उगीच केलेली नाहीं. आपलेंच नांव चोख राहावें म्हणून कागद मागतों, असें हंसून सांगितल्यास सज्जनास राग येत नाहीं. आणि ज्यास राग येतो त्याची गाडी आपण न घेतलेलीच बरी. मातोश्रींसाठीं तोंवर भाड्याची गाडी करावी. महिना दोन महिन्यांचें भाडें हें कज्जेदलालीपेक्षां केव्हांहि स्वस्त पडेल.