अकरा पट

चिकू बंद, केळं बंद, आंब्याचं तर नावच काढायचं नाही. वजन उतरवायचं ठरलं की पहिली गदा फळांवर येते. कारण ऐकीव असतं, पण पक्कं बसलेलं असतं: फळात साखर असते, त्यातलं फ्रुक्टोज यकृतात जातं आणि त्याची चरबी होते. हेच सांगणारा माणूस जिममधून निघताना मोसंबीच्या रसाचा मोठा ग्लास उभ्या उभ्या संपवतो. वरून साखर घातलेली नाही, एवढं त्याला पुरतं.

१९७७ साली ब्रिस्टलच्या संशोधकांचा एक छोटा प्रयोग ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. दहा निरोगी माणसांना सफरचंद तीन रूपांत दिलं गेलं: अख्खं, गर करून आणि रस काढून. तिन्हींत कर्बोदकं सारखीच, ६० ग्रॅम. रस अख्ख्या फळापेक्षा अकरा पट वेगानं संपला आणि त्यानं पोट सर्वांत कमी भरलं. रसानंतर इन्शुलिन अधिक चढलं आणि रक्तातली साखर मागाहून घसरली. अख्ख्या सफरचंदानंतर ती घसरण दिसली नाही.

या अकरा पटीकडे नीट पाहायला हवं. साखर तीच, फळही तेच. फरक पडला तो चावण्याचा आणि चोथ्याचा. डाएट मोडतं ते बहुतेकदा भुकेपायी. जे खाल्ल्यानं भूक थोपते ते मदतीला येतं. जे घटाघटा पोटात जाऊन भूक तशीच ठेवतं ते आड येतं. मध्यम आकाराच्या सफरचंदात सुमारे ९५ कॅलरी असतात आणि ते खायला वेळ लागतो. चार मोसंब्या सोलून खाणारे थोडे. चार मोसंब्यांचा रस पिणं कुणालाच जड जात नाही.

फ्रुक्टोजची भीती सगळीच खोटी नाही. शीतपेयांतून, गोड पदार्थांतून ते गरजेपेक्षा जास्त कॅलरी घेऊन येतं, तेव्हा यकृतात चरबी साठते. पण एकूण कॅलरी तेवढ्याच ठेवून इतर कर्बोदकांच्या जागी फ्रुक्टोज दिलं, तेव्हा नियंत्रित चाचण्यांत वजन वाढलेलं दिसलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली साखरेवर मर्यादा घातली. तीत मध आणि फळांचा रस साखरेच्याच रांगेत बसवला, अख्ख्या फळातली साखर मात्र बाहेर ठेवली. आपल्याकडचा डाएटवाला नेमकं उलट करतो. सकाळी कोमट पाण्यात मध घेतो आणि दुपारी पेरू नाकारतो.

फळालाही हिशेब आहे. बसल्या बैठकीला पाच हापूस खाल्ले तर तो चुकणारच. मधुमेह असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. पण एक आंबा कापून खाल्ला की हात थांबतो. आमरसाची वाटी पुन्हा पुन्हा भरली जाते.

म्हणून आहाराच्या तक्त्यात सरसकट ‘फळं टाळा’ लिहिणाऱ्यांनी ती ओळ खोडावी. तिथं ‘रस टाळा, फळ चावून खा’ असं लिहावं. वजन कमी करू पाहणाऱ्याच्या हातातलं एक स्वस्त, पोटभरीचं खाणं काढून घेण्याचं काहीच कारण नाही.