लाज चोराने बाळगावी

"सावध राहा, ओटीपी कुणालाही सांगू नका," असे मेसेज बँका सतत पाठवतात. सल्ला बरोबर आहे. माझा आक्षेप आहे तो अर्धेच सांगण्याला.

रिझर्व्ह बँकेचे 6 जुलै 2017 चे परिपत्रक सांगते: बँकेची किंवा ग्राहकाची चूक नसताना तिसऱ्याच कुणामुळे कार्डावरून पैसे गेले आणि व्यवहाराचा मेसेज आल्यावर कामकाजाच्या तीन दिवसांत तक्रार केली, तर ग्राहकावर एका रुपयाचाही भार नाही. ग्राहकाचा दोष सिद्ध करण्याची जबाबदारीही बँकेचीच. ओटीपी स्वतः दिला असला, तरी तक्रारीनंतरचे नुकसान बँकेने सोसायचे. हा हक्क त्या मेसेजमध्ये मला कधी दिसला नाही.

म्हणजे एकेक तास मोलाचा. आणि आपण तो घालवतो कशात? "एवढा शिकलास आणि फसलास?" या टोमण्याच्या भीतीत. मुलगा अब्बांपासून लपवतो, मुलगी अम्मीलाही सांगत नाही. ही लाज फक्त चोराच्या कामी येते.

मित्रांनो, पैसे गेले की लगेच बँकेला कळवून कार्ड बंद करा, तक्रार क्रमांक लिहून घ्या आणि 1930 ला फोन करा. आधारची झेरॉक्स कुठेही देत सुटू नका; चालत असेल तिथे मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. आपल्या नावावर भलत्यानेच कर्ज काढले नाही ना, हे सिबिलच्या वर्षातून एकदा मोफत मिळणाऱ्या अहवालात तपासा.

आणि घरात कुणी फसलेच, तर उपदेश नंतर. आधी फोन.