आभासी नाण्यांवरील कर

बिटकॉइनादी आभासी नाण्यांच्या व्यापारावर कर बसविला म्हणून आम्ही सरकारला दोष देणार नाही. नोकरदाराच्या पगारातून दरमहा कर कापला जात असता सट्ट्याच्या पैशाने मोकळे सुटावे, असे कोण म्हणेल? आमचा आक्षेप आहे तो कर बसविण्याच्या रीतीवर.

२०२२ च्या अर्थसंकल्पाने या व्यवहारातील नफ्यावर ३० टक्के कर लावला. लॉटरीच्या बक्षिसाला जो दर, तोच याला. शिवाय एका नाण्यातील तोटा दुसऱ्यातील नफ्यातून वजा करण्यास मनाई केली. एकात लाख मिळाले, दुसऱ्यात लाख गेले, हाती शून्य. तरी ३० हजार रुपये आणि वर उपकर भरावयाचा!

पण खरी गोम आहे ती १ जुलै २०२२ पासून सुरू झालेल्या १ टक्का कपातीत. ही कपात नफ्यावर नसून विक्रीच्या सबंध रकमेवर होते. लाख रुपये घेऊन खरेदी-विक्रीचे १०० फेरे करणाऱ्यास नफा वा तोटा काहीच झाला नाही असे धरले, तरी अखेर त्याच्या हाती ३७ हजारही उरत नाहीत. बाकीची रक्कम परतावा मिळेपर्यंत सरकारजमा. व्यवहारांचा माग राहावा, हा या कपातीचा हेतू. झाले उलटेच. व्यापारी परदेशी बाजारांकडे वळले आणि माग पुसला गेला. डिसेंबर २०२३ मध्ये अर्थखात्याच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाला अशा नऊ बाजारांवर नोटिसा काढाव्या लागल्या. बायनान्सने पुढे २०२४ मध्ये येथे नोंदणी केली, हे खरे. परंतु नाण्यांची किल्ली स्वतःपाशीच ठेवून परस्पर देवघेव करणारा जो आहे, त्याला नोटीस कोणत्या पत्त्यावर बजावणार?

कर घेणाऱ्याने रक्षणाचीही काही हमी द्यावी, ही अपेक्षा गैर नव्हे. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीय बाजारातून सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी चोरीस गेली. ग्राहकांना आपल्या पैशांसाठी सिंगापूरच्या न्यायालयाकडे डोळे लावून बसावे लागले. आपल्या प्राप्तिकर कायद्यात या नाण्यांची व्याख्या आहे. ती बाळगणाऱ्याच्या हक्कांचा कायदा मात्र झालेला नाही.

तो करण्यास वेळ लागेल. तोट्याची वजावट देण्यास एक दुरुस्ती पुरे. आणि कपात जर केवळ नोंदीसाठीच असेल, तर तिचा दर शंभरांश केला तरी नोंद तितकीच पक्की राहील.