शिक्षकांचे शिक्षण : हिशेब तासांचा, विसर गावाचा

सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालाने राज्यातील हजारो कार्यरत शिक्षकांना पुन्हा परीक्षार्थी केले. निवृत्तीस पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या शिक्षकांनी दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजेच टीईटी, उत्तीर्ण व्हावे, अन्यथा सेवा सोडावी, असे न्या. दीपंकर दत्ता व न्या. ऑगस्टिन जॉर्ज मसीह यांच्या खंडपीठाने स्पष्ट केले. त्याहून कमी सेवा उरलेल्यांना पदावर राहता येईल. मात्र पदोन्नती हवी असेल तर परीक्षा टळणार नाही. अल्पसंख्याक संस्थांचा मुद्दा मोठ्या पीठाकडे सोपविण्यात आला. वीस-वीस वर्षे शिकविलेल्यांना आता पात्रता सिद्ध करायला लावणे अन्यायकारक असल्याचा संघटनांचा आक्षेप आहे. मुलांना पात्र शिक्षक मिळणे हा त्यांचा हक्क आहे, हा युक्तिवादही तितकाच वजनदार आहे. या वादात एक मूळ प्रश्न मात्र बाजूला पडला. नोकरीत आलेला शिक्षक पुढे शिकतो कसा, आणि तो शिकला की नाही हे ठरवायचे कोणी?

तास भरले, पुढे काय?

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली आहे. त्याआधीच, ऑगस्ट २०१९ मध्ये, केंद्राने ‘निष्ठा’ हा प्रशिक्षण कार्यक्रम सुरू केला होता. करोनाकाळात तो ‘दीक्षा’ या संगणकीय व्यासपीठावर गेला. चित्रफीत पाहणे, प्रश्नावली सोडविणे आणि प्रमाणपत्र उतरवून घेणे, अशी प्रशिक्षणाची नवी रीत रूढ झाली. महाराष्ट्रात १२ वर्षांनंतरची वरिष्ठ वेतनश्रेणी व २४ वर्षांनंतरची निवडश्रेणी यांसाठीही प्रशिक्षणाची अट आहे. साहजिकच प्रशिक्षण म्हणजे वेतनवाढीच्या वाटेवरील एक नाका, अशी अनेकांची भावना झाली.

प्रत्यक्ष वर्गांतील प्रशिक्षणाचीही अडचण जुनीच आहे. राज्य स्तरावर तयार झालेले साधनव्यक्ती जिल्ह्याला शिकवितात, जिल्हा तालुक्याला आणि तालुका शिक्षकांना. या उतरंडीत मूळ विचार प्रत्येक पायरीवर थोडा पातळ होतो. शिवाय मजकूर सर्वांना सारखाच असतो. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषानुसार प्राथमिक शाळेत ६० पर्यंत पट असल्यास दोन शिक्षक असतात. दोघांत चार-पाच इयत्ता सांभाळणाऱ्या शिक्षकाचा प्रश्न आणि महापालिकेच्या भरगच्च तुकडीपुढे उभ्या असलेल्या शिक्षकाचा प्रश्न एका चित्रफितीत मावत नाही.

कुमठ्याचा धडा

याला उत्तर राज्यातच सापडले होते. सातारा तालुक्यातील कुमठे बीटमध्ये तत्कालीन विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या पुढाकाराने जिल्हा परिषदेच्या शाळांनी ज्ञानरचनावादी अध्यापनाची वाट धरली. शिक्षक एकमेकांचे वर्ग पाहत, काय जमले व काय फसले याची चर्चा करीत, आणि साहित्य स्वतः घडवीत. राज्यभरातील शिक्षक तेथे गेले ते व्याख्यान ऐकायला नव्हे, तर मुले शिकताना पाहायला. २२ जून २०१५ च्या निर्णयान्वये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आला, तेव्हा हा अनुभव राज्यापुढे होता. पुढे फरशीवरची रंगीत चित्रे व तक्ते सर्वत्र पोहोचले. त्यांमागची चर्चेची सवय सर्वत्र पोहोचली नाही.

ही सवय जोपासण्याची रचना नव्याने उभारण्याची गरजही नाही. केंद्रशाळेच्या परिसरातील शिक्षकांनी महिन्यातून एकदा एकत्र बसावे, यासाठी शिक्षण परिषद अस्तित्वात आहे. पण तिला दिशा देणाऱ्या केंद्रप्रमुखांची अनेक पदे दीर्घकाळ रिक्त राहिली. अनेक परिषदांचा वेळ परिपत्रकांचे वाचन व माहितीचे तक्ते गोळा करण्यातच सरला.

सहभाग की वर्गणी?

शिक्षकाच्या प्रगतीचा दुसरा साक्षीदार म्हणजे पालक. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्यात, असे ठरविले. शाळेचा विकास आराखडा करण्याचे काम या समितीला दिले. मुलाची उपस्थिती व प्रगती यांविषयी पालकांशी नियमित बोलणे हे शिक्षकाचे कर्तव्य असल्याचे कलम २४ सांगते. प्रत्यक्षात ‘लोकसहभाग’ या शब्दाचा अर्थ रंगरंगोटी, संगणक आणि वर्गणी एवढाच उरला. शहरी खासगी शाळांतील चित्र निराळे नाही. शुल्क विनियमनाच्या २०११ च्या कायद्यामुळे पालक-शिक्षक संघाला बळ मिळाले. पण चर्चा बहुधा शुल्कापाशीच सुरू होते आणि तेथेच संपते.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोडची चर्चा खूप झाली. मात्र, आपल्या मुलांची घरची भाषा कन्नड आहे हे ओळखून पुस्तके त्या भाषेत नेणे, ही त्या कामाची सुरुवात होती. गाव ओळखल्याशिवाय ती सुचली नसती. त्याच डिसले यांच्या परदेशी संशोधनासाठीच्या रजेवरून २०२२ च्या जानेवारीत वाद झाला आणि शिक्षणमंत्र्यांनी लक्ष घातल्यावर मार्ग निघाला. शिक्षकाच्या शिकण्याला व्यवस्थेत नेमकी जागा कोणती, हे त्यातून दिसले.

समाजात जाण्याची सक्ती हा सहभागाचा पर्याय होऊ शकत नाही. २०२३ मध्ये नवभारत साक्षरता कार्यक्रमातील निरक्षरांच्या सर्वेक्षणावर राज्यातील शिक्षक संघटनांनी बहिष्कार टाकला. साक्षरतेला विरोध नव्हता. अध्यापनाचा वेळ पुन्हा खर्ची पडण्याला होता. कायद्याचे कलम २७ जनगणना, आपत्ती निवारण व निवडणुका एवढ्याच अशैक्षणिक कामांना मुभा देते. राज्याने २०२४ मध्ये कामांचे शैक्षणिक व अशैक्षणिक असे वर्गीकरणही केले. एखादे काम ‘शैक्षणिक’ यादीत टाकले म्हणून त्याला लागणारा वेळ मात्र कमी होत नाही.

टीईटी शिक्षकाचे किमान ज्ञान तपासेल. चौथीतील मूल वाचायला का अडते, हे त्याला उमगले की नाही, हे तिला कळणार नाही. ते कळते शेजारच्या शाळेतील सहकाऱ्याला आणि त्या मुलाच्या आईला. म्हणूनच ५० तासांतील ठोस वाटा शिक्षण परिषदेतील परस्पर वर्गनिरीक्षणाला आणि पालकभेटींना मिळायला हवा. केंद्रप्रमुखांची पदे भरली गेली आणि परिषदेचा दिवस परिपत्रकांपासून राखून ठेवला गेला, तर त्यासाठी नव्या योजनेची गरज पडणार नाही. अन्यथा परीक्षाही उत्तीर्ण होतील, प्रमाणपत्रेही जमतील आणि ते मूल त्याच ओळीवर अडलेले राहील.