काटकसर कोणाची, कमाई कोणाची?

संगणक नीट राखा, नको त्या फायली काढून टाका, इंटरनेटवरची मोफत साधने वापरा आणि पैसे वाचवा, असा उपदेश आज मध्यमवर्गीय घरांपासून संघटनांच्या कचेऱ्यांपर्यंत सर्वत्र ऐकू येतो. वरवर पाहता त्यात आक्षेप घेण्यासारखे काही नाही. गरिबाने काटकसर करावी, या उपदेशातही वरवर पाहता काही गैर नसते. परंतु काटकसरीचा उपदेश जेव्हा सर्व दिशांनी एका सुरात होऊ लागतो, तेव्हा मुळात हा खर्च निर्माण कोण करतो, हा प्रश्न विचारला जाऊ नये अशी कोणाची तरी सोय त्यात दडलेली असते.

१४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी जगातील कोट्यवधी संगणक एकाएकी म्हातारे झाले. आदल्या दिवशी ते जसे चालत होते तसेच दुसऱ्या दिवशीही चालत होते. त्यांचा पडदा फुटला नव्हता की तबकडी अडकली नव्हती. झाले इतकेच की मायक्रोसॉफ्ट कंपनीने जुलै २०१५ मध्ये बाजारात आणलेल्या विंडोज १० या प्रणालीची नियमित देखभाल त्या दिवशी थांबवली. प्रणालीत सापडणारी भगदाडे बुजवण्याचे काम बंद झाले, म्हणजे ती यंत्रे हळूहळू असुरक्षित होणार. विंडोज ११ घ्यावी, तर तिच्यासाठी सुरक्षेची एक विशिष्ट चिप आणि कंपनीने आखून दिलेल्या यादीतला प्रोसेसर लागतो. ढोबळमानाने २०१७ पूर्वीची यंत्रे या यादीबाहेर राहतात. या निर्णयामुळे सुमारे २४ कोटी संगणक भंगारात जाऊ शकतील, असा अंदाज कॅनालिस या बाजारपेठेचा अभ्यास करणाऱ्या संस्थेने डिसेंबर २०२३ मध्येच वर्तवला होता. ही संस्था काही समाजवाद्यांची नव्हे.

मार्क्सने 'भांडवल'च्या पहिल्या खंडात यंत्राच्या झिजेचे प्रकार सांगितले आहेत. वापरामुळे होणारी झीज, न वापरता पडून राहिल्याने होणारी झीज, आणि त्यापलीकडे, अधिक चांगले वा स्वस्त यंत्र बाजारात आल्याने जुन्याचे मूल्य घटणे. या शेवटच्या प्रकाराला त्याने नैतिक घसारा म्हटले. एकोणिसाव्या शतकातल्या गिरणीमालकाला या घसाऱ्याची धास्ती वाटे, कारण तो त्याच्या भांडवलावर पडे. आज हाच घसारा फर्मान काढून घडवून आणता येतो, आणि तो पडतो विकणाऱ्यावर नव्हे, विकत घेणाऱ्यावर. घसाऱ्याच्या इतिहासातली ही नवी पायरी आहे, आणि पाठ्यपुस्तकांनी तिची अद्याप पुरेशी नोंद घेतलेली नाही.

या फर्मानाची मुदतवाढही विकत मिळते. घरगुती ग्राहकाला ३० डॉलर भरून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत एका वर्षाची मुदत देऊ करण्यात आली. संस्थांसाठी दर निराळा ठरला : पहिल्या वर्षी प्रत्येक यंत्रामागे ६१ डॉलर, आणि पुढे दर वर्षी दुप्पट. तीन वर्षांचे मिळून ४२७ डॉलर होतात. एवढ्या पैशात जुने यंत्र बाजूला सारून नवे घेता येते, आणि दर ठरवताना हे कोणाच्या ध्यानात आले नसेल असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. घरगुती ग्राहकाला पैसे न भरताही मुदतवाढ मिळण्याची एक वाट ठेवली होती. त्यासाठी त्याने आपल्या यंत्राची मांडणी कंपनीच्या खात्याला जोडून तिच्या दूरस्थ साठ्यात ठेवायची. पैसे नसतील तर माहिती द्या, हा त्याचा साधा अर्थ.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. युरोपातील ग्राहक संघटनांनी या अटीविरुद्ध आवाज उठवला, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये युरोपीय आर्थिक क्षेत्रातील ग्राहकांसाठी ती सैल करण्यात आली. तेथे मांडणीची प्रत कंपनीकडे न ठेवता आणि पैसे न भरता मुदतवाढ मिळाली. भारतीय ग्राहकाच्या वाट्याला मूळची अटच राहिली. कंपनी तीच, प्रणाली तीच, भगदाडेही तीच. फरक एवढाच की तेथे कायदा होता आणि संघटना जागी होती. १९७५ पासून मुंबई ग्राहक पंचायतीची परंपरा सांगणाऱ्या महाराष्ट्रात या प्रश्नावर एखादा मोर्चा तर सोडाच, एखादी जाहीर सभाही गाजल्याचे दिसले नाही.

आता मोफत साधनांकडे वळू. संगणक साफ करणारे, त्याची गती वाढवणारे, विषाणू शोधणारे आणि खरेदीत सवलत मिळवून देणारे असे अनेक कार्यक्रम फुकट मिळतात. फुकटाच्या मालावर एवढी जाहिरात का होते, हा प्रश्न भाजीबाजारात चार आण्यांची घासाघीस करणारी गृहिणी लगेच विचारील. सुशिक्षित माणूस मात्र विचारीत नाही. अवास्ट या विषाणूरोधक कंपनीचे उदाहरण पाहावे. संरक्षण देतो म्हणून जी आज्ञावली लोकांनी आपल्या यंत्रात बसवली, तिने त्यांच्या इंटरनेटवरील भटकंतीची माहिती गोळा केली आणि जम्पशॉट या उपकंपनीमार्फत २०१४ ते २०२० या काळात शंभराहून अधिक गिऱ्हाइकांना विकली. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये या प्रकरणी १ कोटी ६५ लाख डॉलर भरण्याची सक्ती केली. राखणदारच घरातल्या मंडळींचे येणेजाणे विकत होता.

याच कंपनीच्या ताब्यात २०१७ साली सीक्लीनर हा अतिशय लोकप्रिय सफाई कार्यक्रम आला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये उघड झाले की त्याच्या अधिकृत प्रतीतच घुसखोरांनी आपला घातक संकेत मिसळला होता, आणि ती प्रत वीस लाखांहून अधिक यंत्रांत गेली होती. विशेष म्हणजे, असे कार्यक्रम जे काम करतात त्यातले बरेचसे अनावश्यक असते. तात्पुरत्या फायली काढण्याची सोय आणि विषाणूरोधक संरक्षण विंडोजमध्ये मुळातच असते. प्रणालीच्या नोंदवहीतील शेकडो 'चुका' लाल अक्षरांत दाखवणारा कार्यक्रम म्हणजे गावच्या जत्रेतला तो वैद्य, जो नाडीला हात लावण्याआधीच सात रोग सांगतो.

सवलतीच्या साधनांची तऱ्हा आणखी मौजेची. हनी नावाचे एक साधन खरेदीच्या वेळी सवलतीचे संकेतांक आपोआप शोधून देते. लोकांचे पैसे वाचवणारे हे फुकट साधन पेपाल कंपनीने सुमारे ४०० कोटी डॉलर मोजून घेतले. व्यवहार जानेवारी २०२० मध्ये पुरा झाला. लोकांची बचत करून देण्याच्या धंद्याला एवढी किंमत का यावी? उत्तर दलालीत आहे. ऑनलाइन दुकान ज्याच्या शिफारशीवरून ग्राहक आला त्याला दलाली देते, आणि ती शिफारस कोणाची हे एका खुणेवरून ठरते. अखेरच्या क्षणी दुसऱ्याची खूण पुसून हे साधन स्वतःची लावते, असा जाहीर आरोप डिसेंबर २०२४ मध्ये झाला आणि प्रकरण अमेरिकेतील न्यायालयांत गेले. न्यायालये काय ठरवायचे ते ठरवतील; परंतु ग्राहकाला दहा रुपये वाचल्याचा आनंद देऊन त्याच्या खरेदीवरचा वाटा मिळवायचा, ही या धंद्याची रचना निकालाची वाट पाहत नाही.

काही फुकट गोष्टी फुकट असतात त्या केवळ सवय लागेपर्यंत. गुगलने २०१५ मध्ये छायाचित्रांचा अमर्याद साठा मोफत दिला. लोकांनी लग्नाचे, बारशाचे, आंदोलनांचे फोटो त्यात ठेवले. १ जून २०२१ पासून ही सवलत संपली. १५ जीबीची मर्यादा ओलांडली की भाडे सुरू. अडोबीने तर २०१३ मध्येच आपल्या मांडणीच्या व चित्रकामाच्या आज्ञावल्यांच्या नव्या आवृत्त्या कायमच्या विकण्याचे बंद करून त्या भाड्याने देण्याचे धोरण जाहीर केले. ज्या महाराष्ट्राने कूळकायदा केला आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन पाहिला, त्या महाराष्ट्रातल्या छापखान्याचा चालक, कॉलेजचा विद्यार्थी आणि संघटनेचा चिटणीस आज आपल्याच टेबलावरच्या यंत्राचे कूळ झाले आहेत. खंड वेळेवर दिला नाही तर पीक काढता येत नाही, म्हणजे स्वतः तयार केलेली फाइलही उघडता येत नाही.

कोणी म्हणेल, सुरक्षेची गरज खरी आहे, नवी चिप खरोखरच अधिक संरक्षण देते, आणि कोणतीही कंपनी जुन्या मालाची देखभाल अनंत काळ करू शकत नाही. हे सर्व मान्य. प्रश्न अनंत काळाचा नाही. ती मुदत कोण ठरवणार आणि मुदत संपल्यावर दुसऱ्या कोणाला दुरुस्ती करू देणार की नाही, हा आहे. मोटार बनवणाऱ्याने सुटे भाग देणे बंद केले तरी गल्लीतला मिस्त्री गाडी चालू ठेवतो. येथे मिस्त्रीच्या हाती कुलूपबंद पेटी दिलेली असते.

खरी देखभाल साधी असते आणि तिच्यात गुपित नसते. पंख्यातली धूळ काढणे, प्रोसेसरवरचा वाळलेला उष्णतावाहक लेप बदलणे, फिरत्या तबकडीच्या जागी एसएसडी बसवणे, रॅम वाढवणे, महत्त्वाच्या कागदांची दुसरी प्रत निराळ्या ठिकाणी ठेवणे. दहा वर्षांचे यंत्र यातल्या दोन-तीन गोष्टींनी पत्रव्यवहार, हिशेब आणि अंकाची मांडणी यांसाठी उत्तम चालते. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आणि दिल्लीत नेहरू प्लेसमध्ये हे काम करणारे कुशल हात आहेत. त्यांच्यापैकी बहुतेकांना ना कायम नोकरी ना निवृत्तिवेतन. आता अनेक पातळ लॅपटॉपांत रॅम पाटीवरच डाग देऊन पक्की केलेली असते, म्हणजे ती वाढवायची तर यंत्रच बदलायचे. भारत सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, डिसेंबरात एक संकेतस्थळही सुरू केले. त्याच महिन्यात न्यूयॉर्क राज्यात याविषयीच्या कायद्यावर सही झाली. आपल्याकडे संकेतस्थळ झाले.

आणि बाद झालेली यंत्रे जातात कोठे? संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला. त्यातला रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद असलेला भाग केवळ २२.३ टक्के. उरलेल्यापैकी काही दिल्लीच्या सीलमपूरमध्ये उघड्या हातांनी फोडला जातो, तारा जाळून तांबे काढले जाते, आम्लात पाट्या बुडवून धातू सोडवले जातात. काटकसरीच्या हिशेबात त्या मजुराच्या फुप्फुसांचा रकाना नसतो.

पर्याय नाही असे नव्हे. केरळने आपल्या शाळांत दीर्घकाळापासून मुक्त आज्ञावल्या वापरल्या. २०१९ मध्ये दोन लाख संगणकांसाठी मुक्त प्रणालीची नवी आवृत्ती देताना ३,००० कोटी रुपये वाचल्याचा दावा करण्यात आला. हा दावा जसाच्या तसा घेऊ नये. त्यात प्रत्येक यंत्रामागे दीड लाखाचे परवाने धरले आहेत, आणि एवढे परवाने कोणतीही शाळा प्रत्यक्षात घेणार नाही. परंतु त्याचा दहावा हिस्सा धरला तरी ३०० कोटी होतात. शिवाय, तेथे प्रणाली मल्याळममध्ये वापरता येते आणि शिक्षकांना तिचे प्रशिक्षण मिळते. जर्मनीत म्युनिक शहराने २००३ मध्ये विंडोज सोडण्याचा निर्णय घेतला, हजारो संगणक बदलले, आणि २०१७ मध्ये नव्या राजकीय बहुमताने परत फिरण्याचे ठरवले. त्याच देशातील श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने २०२४ मध्ये उलट दिशेने पाऊल टाकून ३०,००० संगणकांवर मुक्त कार्यालयीन आज्ञावली आणण्याचे जाहीर केले. हा तंत्राचा प्रश्न असता तर एकाच देशात दोन उत्तरे आली नसती.

महाराष्ट्रात काय चित्र आहे? सरकारी नोकरीसाठी लागणाऱ्या एमएस-सीआयटी परीक्षेत संगणक म्हणजे प्रामुख्याने विंडोज आणि एमएस-ऑफिस अशीच ओळख पिढ्यांना झाली. विक्रेत्याला जी बाजारपेठ पैसे ओतून तयार करावी लागली असती, ती शासनाने उमेदवारांच्या फीतून तयार करून दिली. केंद्र सरकारने २०१५ मध्ये आपल्या कारभारात मुक्त आज्ञावल्यांना प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. ते कार्यालयांच्या फायलींत सुखाने नांदत आहे.

परंतु दुसऱ्याकडे बोट दाखवण्यापूर्वी डाव्या चळवळीने आपलेही टेबल पाहावे. साठच्या दशकात कोलकात्यात आयुर्विमा कर्मचाऱ्यांनी संगणकाविरुद्ध लढा दिला. त्या लढ्याची आज चेष्टा होते. ती अन्यायाची आहे, कारण रोजगाराचा त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. मात्र यंत्र येणारच हे स्पष्ट झाल्यावर, आलेल्या यंत्राची मालकी कोणाची, हा पुढचा प्रश्न चळवळीने विचारलाच नाही. कित्येक संघटनांच्या कचेऱ्यांत विंडोजची चोरटी प्रत चालते आणि तिला भांडवलदाराला दिलेला टोला समजले जाते. हा टोला नव्हे, ही बिनपगारी जाहिरात आहे. चोरट्या प्रतीमुळे हात त्याच प्रणालीला सरावतात, फायली त्याच साच्यात साठतात, आणि पुढे रीतसर खरेदीची वेळ आली की दुसरे काही सुचतच नाही.

याची सर्वांत मोठी किंमत मराठीने मोजली आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी वीस-पंचवीस वर्षे मराठीतील नियतकालिके, पत्रके, अहवाल वेगवेगळ्या कंपन्यांच्या स्वतंत्र फॉन्टसाच्यांत आणि पेजमेकरसारख्या आता बंद पडलेल्या आज्ञावल्यांत तयार झाले. तो फॉन्ट नसेल तर मजकूर म्हणजे निरर्थक चिन्हांची रांग. परिषदांचे ठराव, संपांची पत्रके, नामांतर चळवळीच्या उत्तरार्धातले कागद आजही कोणाच्या तरी कपाटातल्या तबकड्यांत असे मुके पडले आहेत. कागदावर छापलेले वाचता येते. संगणकात ठेवलेले वाचता येत नाही.

अर्थात मुक्त प्रणालीकडे जाणे विनाकष्टाचे नाही. टॅलीसारखा हिशेबाचा कार्यक्रम तेथे सरळ चालत नाही, एखादा जुना स्कॅनर रुसतो, आणि इन्स्क्रिप्ट कळफलक शिकायला काही आठवडे बोटांना त्रास होतो. म्हणून सर्व यंत्रे एका दिवसात बदलण्याचा हट्ट नको. हिशेबाचे एक यंत्र आहे तसे ठेवून पत्रव्यवहाराची यंत्रे आधी बदलता येतील. ज्या तालुका कार्यालयांत विंडोज १० चे संगणक कोपऱ्यात ढकलले गेले आहेत, त्यांनी ते भंगारवाल्याला देण्यापूर्वी त्यांची यादी करून जिल्हा कार्यालयाकडे पाठवावी. जेथे सेवादलाची वा कामगार संघटनेची जागा आहे तेथे महिन्यातून एक रविवार दुरुस्तीसाठी ठेवावा, एखाद्या मिस्त्रीला रीतसर मेहनताना देऊन बोलवावे, आणि जुन्या तबकड्यांतला मराठी मजकूर युनिकोडमध्ये उतरवण्याचे काम त्याच दिवशी सुरू करावे. जिल्हा परिषदांतील सदस्यांनी संगणक खरेदीची पुढची निविदा आली की रॅम बदलता येते का, सुटे भाग किती वर्षे मिळणार, आणि मुक्त प्रणालीसह दर का मागवला नाही, हे सभागृहात विचारून उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्यावे.