एकाच खुर्चीचा आवाज

आमच्या ब्रह्मपुरीच्या घरात, समोरच्या खोलीत सागाच्या दोन उंच पेट्या उभ्या आहेत. पाहुणे आले की विचारतात, "सर, ही कपाटं का?" कपाटं नाहीत, ते माझे स्पीकर आहेत. नोकरी लागल्यावर पहिल्या पाच-सहा वर्षांत मी ते जमवले. सुतार मोहल्ल्यातलाच होता आणि फळ्या जुन्या दाराच्या. ट्रान्सफॉर्मर, आयसी, कंडेन्सर नागपूरला बर्डीवरून आणायचो. पगार झाला की रविवारी सकाळच्या बसने जायचे आणि रात्री पिशवीभर सुटे भाग घेऊन परतायचे. अॅम्प्लिफायर तीनदा जळला, चौथ्यांदा बोलला. त्या रात्री झाला तेवढा आनंद मला बी.एड.च्या निकालालाही झाला नव्हता.

एक दिवस शाळेतून आलो तर उजव्या स्पीकरच्या पडद्यामधली गोल टोपी आत दबलेली. माझी मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. तिने बोटाने दाबून पाहिली होती. सगळीच लेकरे पाहतात. मी इतका ओरडलो की शेजारच्या आपा दारात आल्या. त्या दिवसापासून मुलगी त्या खोलीत यायची बंद झाली. मला ते बरेच वाटले, हे आज लिहिताना लाज वाटते.

स्टीरिओची गंमत थोडक्यात सांगतो. आवाज उजवीकडून आला की उजव्या कानाला तो किंचित आधी आणि किंचित मोठा ऐकू येतो. या फरकावरून मेंदू दिशा ओळखतो. ॲलन ब्लमलाइन या ब्रिटिश इंजिनिअरने 1931 मध्ये याच तत्त्वावर पेटंटसाठी अर्ज केला. दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा सारख्या बाजूंचा त्रिकोण झाला, की गाणारा दोन पेट्यांच्या मधोमध, जिथे काहीच नाही तिथे उभा आहे असे वाटते. पण ऐकणारा दोन हात बाजूला सरकला की गाणारा जवळच्या पेटीत जाऊन बसतो. म्हणजे खोलीत चांगली जागा एकच. त्या जागेवर मी एक खुर्ची ठेवली होती आणि तिच्यावर दुसरे कोणी बसत नसे.

अम्मी हे बघून म्हणायची, "आमच्या वेळी एकच रेडिओ होता आणि सगळा मोहल्ला ऐकत होता." बुधवारी रात्री रेडिओ सिलोनवर अमीन सायानींची गीतमाला लागली की अंगणात खाटा टाकल्या जात. त्या रेडिओला उजवे-डावे नव्हते. सगळ्यांना सारखेच ऐकू यायचे.

2024 च्या जानेवारीत 'वॉशिंग्टन पोस्ट'ने एका माणसाची हकीकत छापली. ती वाचल्यावर मला माझी खुर्ची आठवली. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात केन फ्रिट्झ नावाचे गृहस्थ होते. फायबरग्लासचे साचे बनवण्याचा त्यांचा धंदा होता. जगातला सर्वांत उत्तम स्टीरिओ आपल्या घरात असावा, या एका ध्यासात त्यांनी 27 वर्षे आणि सुमारे दहा लाख डॉलर घातले. घराच्या बैठकीचाच गाणे ऐकण्यासाठी मोठा हॉल केला. माणसाहून कितीतरी उंच स्पीकर स्वतः घडवले. तबकडी फिरवणारे यंत्र तर जवळजवळ सातशे किलोचे! मुलांच्या सुट्ट्या याच कामात गेल्या. मोठ्या मुलाशी पुढे असे बिनसले की मरेपर्यंत समेट झाला नाही. स्टीरिओ पूर्ण झाल्यावर काहीच वर्षांत त्यांना हात-पाय लुळे पाडणारा आजार जडला. स्वतःच्या हाताने तबकडी लावणेही अवघड झाले. 2022 मध्ये ते गेले. एवढी मोठी यंत्रणा घेणार कोण? शेवटी ती सुटी सुटी लिलावात विकली गेली आणि दीड लाख डॉलरच्या आसपास रक्कम आली.

माणूस वाईट होता असे मी म्हणणार नाही. हाताला काम असावे आणि ते काम उत्तम असावे, हा ध्यास चांगलाच. पण तो ध्यास घरात कसा मुरतो, हे बघायचे तर आपल्याला मिरजेला जावे लागेल.

मिरजेचे सतार-तंबोरे देशभर जातात. ते बनवणारी आपली शिकलगार घराणी. मूळ काम हत्यारांना धार लावण्याचे. हत्यारांची गरज घटली तेव्हा, 1850 च्या सुमारास, फरीदसाहेबांनी वाद्ये दुरुस्त करता करता स्वतःच घडवायला घेतली. मंगळवेढ्याकडचा भोपळा, तूनचे लाकूड, आणि बाकी सगळे हाताचे कसब. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. तारेखाली सूत सरकवून तंबोऱ्याची जवारी लावतात, तेव्हा मुख्य काम कानाचे असते. तो कान पुस्तकातून येत नाही. बापाशेजारी बसूनच येतो. हे काम एवढ्या पिढ्या टिकले, कारण पोराने हत्याराला हात लावला म्हणून त्याला खोलीबाहेर काढले गेले नाही.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत माझा उजवा स्पीकर अचानक मुका झाला. आता चष्म्याशिवाय बारीक जोड दिसत नाहीत. मुलीला हाक मारली, "बेटा, टॉर्च धर जरा." ती आता दहावीत आहे. दारातच थांबली आणि म्हणाली, "आत येऊ?"

स्वतःच्या घरात, स्वतःच्या बापाला तिने हे विचारले.

सुटलेला जोड तिनेच शोधला. सोल्डरिंग कसे करायचे ते मी सांगितले, पहिला थेंब गोळा होऊन पडला, दुसरा बसला. आवाज आला तेव्हा ती हसली. मग दबलेल्या टोपीकडे पाहून गप्प झाली. मी म्हणालो, "त्या दिवशी चूक माझी होती." ती म्हणाली, "मला वाटलं, तुम्ही विसरलात." नऊ वर्षे माझ्याच लक्षात आहे असे मी समजत होतो, पण ती त्याहून पक्के लक्षात ठेवून होती.

खुर्ची आता पडवीत आहे. खोलीत सतरंजी अंथरली आहे. मगरिबनंतर थोडा वेळ सगळे बसतो आणि अम्मी भिंतीला टेकते. आवाज बेताचाच असतो, कारण शेजारी म्हातारी माणसे आहेत. माझी जागा कडेला आली आहे, त्यामुळे गाणारा बहुतेक वेळा डाव्याच पेटीत असतो. चालते.

तुमच्याही घरात अशी एखादी वस्तू असेल. मोटारसायकल असेल, मोबाईल असेल, शिलाई मशीन असेल. "हात लावू नकोस" हे वाक्य तिच्याभोवती रोज किती वेळा उच्चारले जाते, ते या महिन्यात एकदा मोजून बघा. आणि त्यातल्या एका वेळी तरी म्हणा, "ये, तुला दाखवतो."